बटण दाबलं, गाडी गप्प: मोटरसायकलच्या सेल्फमधला बिघाड कसा शोधायचा

सेल्फचं बटण दाबूनही गाडी सुरू झाली नाही की तोंडातून पहिले शब्द निघतात ते ‘बॅटरी गेली’. पुष्कळदा ते खरंही असतं. पण नवी बॅटरी टाकली, चार दिवस गाडी नीट चालली आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं, असंही होतं. कारण दोष असतो गंजलेल्या अर्थमध्ये (म्हणजे इंजिन-बॉडीला बॅटरीच्या मायनसशी जोडणाऱ्या केबलमध्ये), ढिल्या टर्मिनलमध्ये किंवा चार्जिंगमध्ये. नव्या बॅटरीच्या जोमाखाली तो काही दिवस झाकला जातो, एवढंच.

ज्यांनी वायरिंगला कधी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. साधा डिजिटल मल्टीमीटर, दोन-तीन पाने, एक स्क्रू-ड्रायव्हर, पॉलिश पेपर आणि तुमच्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा मिळाला तर तोही, एवढं सामान पुरतं. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: करंट वाहत नसताना केलेली मोजणी फसवते. जे मोजायचं, ते बटण दाबलेलं असताना मोजायचं.

करंटचा रस्ता

सेल्फचे दोन रस्ते असतात, एक जाड आणि एक बारीक. जाड रस्ता बॅटरीच्या प्लसपासून निघतो, जाड केबलने स्टार्टर रिलेपर्यंत येतो, तिथून दुसऱ्या जाड केबलने सेल्फ मोटरमध्ये जातो. परतीची वाट मोटरच्या बॉडीतून, इंजिनमधून आणि अर्थच्या केबलमधून बॅटरीच्या मायनसपर्यंत. ही परतीची वाट नवखे लोक हमखास विसरतात. मोटर चालवायला करंट भरपूर लागतो, मोठ्या इंजिनांत तर शंभर अँपिअरच्याही पुढे. म्हणूनच या केबल जाड असतात.

बारीक रस्त्याचं काम एकच, रिलेला हुकूम देणं. फ्यूज, चावीचं लॉक, किल स्विच (इंजिन बंद करायचा हँडलवरचा स्विच), सेल्फचं बटण, रिलेची कॉइल आणि जोडीला क्लच, न्यूट्रल व साइड स्टँडचे स्विच अशी ही साखळी असते. क्रम मॉडेलनुसार बदलतो. साखळी पूर्ण झाली की कॉइलमध्ये चुंबकत्व येतं, आतली जाड पट्टी ओढली जाते आणि मोटरला करंट मिळतो. तुम्हाला ऐकू येणारा ‘टक्’ आवाज त्या पट्टीचा.

काही नव्या गाड्यांत वेगळी सेल्फ मोटर नसते. चार्जिंगसाठी वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइललाच करंट देऊन इंजिन फिरवलं जातं. तिथे खाली दिलेला आवाजाचा हिशोब जसाच्या तसा लागू होत नाही. बॅटरी, टर्मिनल आणि फ्यूजची तपासणी मात्र तीच.

हत्यार उचलण्याआधी

किल स्विच चालू बाजूला आहे का ते पाहा. हसू नका. गाडी पुसताना, पार्किंगमध्ये कुणाचा हात लागून किंवा घरातल्या पोरांच्या खेळात तो बंद झालेला असतो, आणि या एका बटणापायी गाड्या टेम्पोत चढवून गॅरेजला गेल्या आहेत. मग साइड स्टँड पूर्ण वर घ्या. न्यूट्रलचा दिवा लागतो का पाहा. गाडी न्यूट्रलमध्ये असूनही दिवा लागत नसेल तर क्लच पूर्ण दाबून बटण दाबा. असं केल्यावर सेल्फ लागला तर न्यूट्रलचा स्विच किंवा त्याची वायर संशयित. किल स्विच आणि बटण पाच-सात वेळा चालू-बंद करा. पावसात भिजलेल्या किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीत एवढ्यानेही काम होऊन जातं.

आता बटण दाबा आणि फक्त ऐका. शांत जागा हवी. नजर गाडीच्या मीटरवरच्या दिव्यांवर ठेवा. हेडलाइटवर विसंबू नका, कारण अनेक गाड्यांत बटण दाबताच हेडलाइट मुद्दाम बंद केला जातो, बॅटरीवरचा भार कमी व्हावा म्हणून.

काहीच आवाज नाही आणि दिव्यांवर काही फरकही नाही, तर हुकूमच पोहोचत नाहीये. दोष बारीक रस्त्यात.

‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला तर बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल ढिलं. रिले ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत वर येतं आणि तोच खेळ पुन्हा. हा आवाज ओळखायला सोपा आहे आणि तो सहसा खोटं बोलत नाही.

एकच ठसठशीत ‘टक्’ आणि पुढे शांतता, हे प्रकरण सगळ्यात फसवं. रिलेची पट्टी ओढली गेली, एवढंच त्यातून कळतं. पुढे दोष बॅटरीत, रिलेच्या जळलेल्या संपर्कात, केबलमध्ये, मोटरच्या कार्बन ब्रशमध्ये, कुठेही असू शकतो. ‘टक्’बरोबर दिवे पार मंदावले तर मोटर करंट मागतेय पण मिळत नाहीये. दिवे जराही हलले नाहीत तर मोटरपर्यंत करंट जातच नाहीये. दिवे क्षणात पूर्ण विझले तर आधी बॅटरीचे टर्मिनल हलवून पाहा.

मोटर नुसतीच गरगरते आणि इंजिन फिरत नाही, तर सेल्फचा वन-वे क्लच, म्हणजे मोटरला इंजिनशी जोडणारा भाग, घसरतोय. तो विजेचा नव्हे, यांत्रिक दोष आहे; मीटर बाजूला ठेवा.

आणि इंजिन नेहमीच्या जोमाने फिरतंय पण पेट घेत नाही, तर सेल्फ ठीक आहे. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

बॅटरी

मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. ती अँपिअरच्या भोकात राहिली आणि टोकं बॅटरीला लावली तर थेट शॉर्ट होतो. नशीब चांगलं असेल तर मीटरचा फ्यूजच उडतो.

गाडी दोन-तीन तास बंद ठेवून मोजा. आत्ताच चालवलेल्या किंवा चार्ज केलेल्या बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ च्या आसपास पाऊण. १२.२ ला निम्मी. १२.० आणि खाली असेल तर चार्जरला लावल्याशिवाय पुढची कुठलीही तपासणी करू नका, उत्तरं चुकीची येतील. लिथियम बॅटरीचे आकडे यापेक्षा वर असतात, तिच्यावरची माहिती वाचा.

आता खरी परीक्षा. मीटरची टोकं बॅटरीवर ठेवूनच दोन-तीन सेकंद सेल्फ मारा आणि आकडा किती खाली येतो ते पाहा. १० च्या वर राहिला तर बॅटरी धडधाकट. ९.६ च्या खाली गेला तर ती दमली आहे. इथेच ती नेहमीची तक्रार सुटते: ‘मीटरवर १२.५ दाखवते, मग सेल्फ का लागत नाही?’ जुन्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो. भार नसताना ती १२.५ दाखवते आणि सेल्फ मारताच ७-८ वर येते. असा आकडा आला तर आधी पूर्ण चार्ज करा. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साधारण अर्धा अँपिअर. पूर्ण चार्जनंतरही भाराखाली कोसळत असेल तर ती बदलायची झाली.

बॅटरी काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. प्लसचा नट सोडवताना पाना चुकून चासीला टेकला आणि मायनस जोडलेलं असलं तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको.

टर्मिनल, केबल आणि अर्थ

माझ्या मते नवख्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. खर्च शून्य, आणि बिघाड इथे सापडण्याची शक्यता भरपूर.

टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने धुवा, कोरडं करा, पॉलिश पेपरने शिसं चमकेपर्यंत घासा, नट घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. जेली घट्ट केल्यानंतर, आधी नव्हे. मायनसची केबल इंजिनला किंवा चासीला जिथे बोल्टने बसवली आहे तिथेही हेच करा. तिथे गंज असतो, कधी रंगाचा थर. सर्व्हिसिंगमध्ये त्या बोल्टकडे सहसा कुणी पाहत नाही.

पण डोळ्यांना चांगली दिसणारी केबल आतून कुजलेली असू शकते. मीटरचा ‘बीप’ (दोन टोकं आतून जोडलेली असली की मीटर आवाज करतो, ती तपासणी) घेऊन पाहिलं तर तीही पास होते, कारण बीपसाठी एक शाबूत तार पुरते. तुंबलेल्या पाइपचा नळ बंद असेल तोवर दाब पूर्ण वाटतो, नळ उघडल्यावर खरं काय ते कळतं, केबलचंही तसंच. म्हणून बटण दाबून व्होल्टेज कुठे खाल्लं जातंय ते मोजायचं.

आधी अर्थ. काळं टोक बॅटरीच्या मायनस खांबावर ठेवा, म्हणजे केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नव्हे तर खांबावरच. लाल टोक सेल्फ मोटरच्या बॉडीवर किंवा इंजिनच्या उघड्या धातूवर. बटण दाबा. ०.२-०.३ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर तिथेच चोर आहे. मग लाल टोक एकेक पायरी बॅटरीकडे सरकवा: केबलचा इंजिनकडचा बोल्ट, मग बॅटरीकडचा लग. ज्या टप्प्यावर आकडा एकदम घसरतो, दोष त्याच टप्प्यात.

आता प्लसची बाजू. लाल टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, काळं सेल्फ मोटरच्या स्टडवर, म्हणजे जाड केबल जिथे बसते त्या बोल्टवर. बटण दाबण्याआधी इथे पूर्ण १२ व्होल्ट दिसतील. घाबरू नका, रिले उघडा आहे म्हणून तसं दिसतं. बटण दाबल्यावर तो आकडा अर्ध्या व्होल्टच्या खाली यायला हवा. येत नसेल तर रिलेच्या दोन जाड स्टडवर टोकं ठेवून पुन्हा मोजा. ‘टक्’ होऊनही तिथे एक-दोन व्होल्ट किंवा जास्त राहत असतील तर रिलेचे आतले संपर्क जळले आहेत. रिले बदला, उघडून घासत बसू नका.

स्क्रू-ड्रायव्हरने रिलेचे दोन स्टड जोडायची युक्ती तुम्ही गॅरेजमध्ये पाहिली असेल. ती चालते, पण मोठी ठिणगी पडते, स्टड जळतात, आणि शेजारीच पेट्रोलची टाकी असते. शिवाय त्या वेळी क्लच-न्यूट्रलचे सगळे पहारे बाजूला पडतात, म्हणजे गाडी गिअरमध्ये असेल तर उडी मारते. मीटर हातात असताना ही युक्ती करायचं काही कारण नाही.

मोटरच्या स्टड आणि बॉडीवर टोकं ठेवून बटण दाबलं, १२ च्या आसपास व्होल्टेज आलं, बॅटरीचा आकडा जराही पडला नाही आणि मोटर हललीसुद्धा नाही, तर मोटर आतून तुटलेली आहे. बहुधा कार्बन ब्रश संपलेत. हलकासा ठोका दिल्यावर मोटर फिरली तर शंका उरत नाही. याउलट चांगली, भरलेली बॅटरी लावूनही व्होल्टेज कोसळतं आणि मोटर नुसता घूं आवाज करते पण फिरत नाही, तर गाडी वरच्या गिअरमध्ये घालून पुढे-मागे ढकला. इंजिन फिरतंय ना, ते बघा. इंजिनच अडकलं असेल तर मोटरला दोष देऊन उपयोग नाही.

काहीच आवाज नसेल तर

आधी फ्यूज. डोळ्यांनी पाहून समाधान मानू नका. केसाएवढी चीर दिसत नाही. चावी चालू करून फ्यूजच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज मोजा, काळं टोक बॅटरीच्या मायनसवर. एका बाजूला १२ आणि दुसरीकडे शून्य म्हणजे उडालेला. नवा त्याच अँपिअरचा टाका. पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, मोठा फ्यूज टाकणं म्हणजे वायरिंगला काडी लावणं.

फ्यूज ठीक असतील तर थेट रिलेवर या. त्याच्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडणीत) दोन बारीक वायर कॉइलच्या असतात. कोणत्या, ते नकाशात दिसेल. कपलर जोडलेलाच ठेवून मागून टोकं घाला. कुणाला तरी बटण दाबायला सांगा आणि त्या दोन वायरींमध्ये व्होल्टेज मोजा.

१२ च्या जवळपास आलं आणि ‘टक्’ नाही, तर रिलेची कॉइल गेली.

शून्य आलं तर काळं टोक बॅटरीच्या मायनसला लावा आणि बटण दाबलेलं असतानाच लाल टोकाने एकेक वायर पाहा. दोन्हीवर १२ असेल तर प्लस येतोय पण परतीची वाट तुटली आहे. दोन्हीवर शून्य असेल तर प्लसच येत नाही. एवढ्या एका मोजणीत निम्मं वायरिंग संशयातून बाहेर पडतं. उरलेल्या निम्म्यात नकाशा धरून एकेक स्विच पाहायचा. त्या स्विचचा कपलर सोडवून बीपवर तपासता येतो: दाबल्यावर बीप, सोडल्यावर बंद, किंवा उलट. क्लच लिव्हरखालचा छोटा स्विच आणि साइड स्टँडचा स्विच हे नेहमीचे गुन्हेगार, कारण एक रोज शेकडो वेळा दाबला जातो आणि दुसरा चिखलात राहतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून अनेकदा ते जागे होतात. तपासणीपुरता स्विच वायरने जोडून पाहायला हरकत नाही, पण साइड स्टँडचा स्विच कायमचा जोडून टाकू नका. खाली राहिलेल्या स्टँडने वळणावर माणसं पडतात.

स्विच सगळे ठीक असतील तर हँडलपाशी, जिथे वायरिंग वळतं, तिथे लक्ष द्या. बटण दाबून हँडल डावी-उजवीकडे फिरवा. एका बाजूला सेल्फ लागत असेल तर आवरणाच्या आत वायर तुटलेली आहे.

इंजिन फिरतं, पेटत नाही

इथे आधी पेट्रोल आहे का ते पाहा आणि मग स्पार्क. प्लग काढा, कॅपमध्ये घाला, प्लगची धातूची बॉडी इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि सेल्फ मारा. प्लग हातात धरू नका आणि हवेत लोंबकळत ठेवू नका. अर्थ न मिळालेला स्पार्क दुसरी वाट शोधतो आणि त्यात इग्निशनचं युनिट जाऊ शकतं. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, तेव्हा प्लग त्याच्यापासून लांब. निळसर, कडकडणारा स्पार्क हवा. पिवळा, मरगळलेला असेल किंवा नसेलच तर आधी नवा प्लग, मग कॅप, मग इग्निशनची कॉइल. अनेक कॅपमध्ये ५ किलो-ओहमच्या आसपास रोधक असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर कॅप फेका. कॉइलचे आकडे मॉडेलनुसार फार बदलतात, मॅन्युअलमधलेच धरा.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. नसेल तर पंपाचा फ्यूज, रिले आणि किल स्विच. अशा गाडीत कमजोर बॅटरी एक वेगळाच घोळ घालते: मोटर इंजिन फिरवते खरी, पण त्या वेळी व्होल्टेज इतकं पडतं की ईसीयूच, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, नीट काम करत नाही. म्हणून इथेही सेल्फ मारतानाचा बॅटरीचा आकडा आधी बघा. चावीचा किंवा इंजिनचा इशारा देणारा दिवा लुकलुकत असेल तर तो कोड मॅन्युअलमध्ये वाचा, अंदाज बांधू नका.

बॅटरी उतरलीच का

चार्ज केल्यावर गाडी सुरू झाली तर काम अर्धंच झालंय. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावा आणि रेस मध्यम ठेवा. १३.५ ते १४.८ व्होल्टच्या दरम्यान आलं तर चार्जिंग ठीक. १३ च्या खालीच अडकलं तर मॅग्नेटची कॉइल किंवा रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवाक्यात ठेवणारं युनिट). १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर नक्की, आणि तो बॅटरी उकळवून मारेल. कॉइल तपासायची तर जिथे तीन एकाच रंगाच्या वायर आहेत तिथे रेग्युलेटरचा कपलर सोडवा, मीटर एसीवर घ्या आणि इंजिन चालू करून तिन्ही जोड्या मोजा. आकडे एकमेकांच्या जवळ आणि रेसबरोबर चढणारे हवेत. इंजिन बंद केल्यावर यातल्या एकाही वायरचा बॉडीशी बीप येता कामा नये. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘चार्जिंग बघणारे’ भेटतील. तुमच्या गाडीला त्यांना हात लावू देऊ नका, ईसीयू जातो.

चार्जिंग ठीक आहे, तरी रात्रभरात बॅटरी उतरते? मग गळती शोधा. चावी बंद करा, मायनसची केबल काढा, मीटर १० अँपिअरवर, लाल वायर अँपिअरच्या भोकात, आणि मीटर केबल व मायनस खांब यांच्या मधोमध जोडा. या अवस्थेत चावी फिरवायची नाही आणि बटण तर मुळीच दाबायचं नाही. आकडा अगदी लहान आला तरच मीटर मिलिअँपिअरवर घ्या. घड्याळ आणि ईसीयूपुरता एखाद-दोन मिलिअँपिअर करंट वाहणं स्वाभाविक आहे. पन्नास-शंभर दिसत असतील तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाइनवर गळती. त्याआधी मात्र नंतर बसवलेल्या वस्तू सोडवून पाहा: जादा लाइट, मोबाइल चार्जर, अलार्म, जीपीएस. यातल्या कशाची वायर थेट बॅटरीवरून घेतलेली दिसली तर ती काढून चावीने चालू होणाऱ्या लाइनवर, स्वतंत्र फ्यूज टाकून घ्या, आणि गळती पुन्हा मोजा.